ओतिलियाचं नाक

एव्हारिस्तो मास्तरांच्या ओतिलिया पहिल्यांदा लक्षात आली ती त्यांचा डबा चोरीला गेला त्या दिवशी.

मास्तर तेव्हा एल तुलारच्या शाळेत नवे होते. शाळा म्हणजे पत्र्याखालच्या दोन खोल्या, आणि पलीकडे लगेच समुद्र. मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला तर मक्याच्या पोळ्या जागच्या जागी, तळलेल्या माशाची तुकडी तेवढी गायब. वर्ग चिडीचूप. मास्तर रागवायच्या बेतात होते, तेवढ्यात मागच्या बाकावरची एक काटकुळी मुलगी उठली, आणि कुणाला काही न विचारता रांगांमधून चालत एकेकाचे हात उचलून हुंगायला लागली.

मच्छीमारांचीच मुलं ती. मासळीचा वास कुणाच्या हाताला नव्हता? पण नाबोर नावाच्या मुलापाशी ती थांबली, त्याचा तळवा पुन्हा एकदा नाकाशी नेला आणि म्हणाली, "हा मासा लोण्यात तळलेला आहे. आपल्याकडे चरबीत तळतात. लोण्यात फक्त मास्तर तळतात."

नाबोरनं नाकारलं नाही. "लोण्यातला कसा लागतो ते बघत होतो," तो म्हणाला. "बरा लागतो, मास्तर. पण मीठ कमी होतं."

सगळा वर्ग हसला, मास्तरही हसले, आणि शिक्षा राहून गेली. ओतिलिया मात्र हसली नाही. ती आपल्या जागेवर जाऊन बसली आणि पाटीवर पुढचं गणित मांडायला लागली.

एल तुलारचा किनारा म्हणजे झावळ्यांच्या मांडवांची एक लांब रांग. रविवारी तेपिक शहरातून माणसं येतात, वाळूत खुर्च्या रुतवून बसतात आणि दिवस मावळेपर्यंत खातात. सगळ्या मांडवांत मिळतं तेच. पाठीतून चिरून पुस्तकासारखी उघडलेली तांबोशी, लाल मिरचीचं वाटण फासून तिवराच्या लाकडावर भाजलेली. आणि सेविचे, म्हणजे सुरमईचं मांस चमच्यानं खरवडून लिंबात मुरवायचं, त्यात कांदा, काकडी, कोथिंबीर, आणि ते कडक पोळीवर घालून खायचं. एका मांडवातलं जेवण उचलून दुसऱ्यात ठेवलं तर ओळखू येणार नाही. तरी गाड्या ओतिलियाच्याच मांडवापुढे जास्त थांबायच्या, आणि त्याचं कारण तिचं नाक.

मासा शिजवण्याआधी गिऱ्हाइकाला ताटात आणून दाखवायचा ही इथली रीत. बाकीच्या बायका कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवतात. ओतिलिया ताट घेऊन यायची, लोकांसमोर खाली वाकायची, डोळे मिटायची. लहान मुलंसुद्धा तेवढा वेळ गप्प व्हायची. मग एकतर ती मान डोलवायची, नाहीतर काही न बोलता मासा शेपटीला धरून कुत्र्यांपुढे टाकायची. टाकला की लोक टाळ्या वाजवायचे. आपल्यासाठी एक मासा फेकला गेला याचंच त्यांना कौतुक.

नाबोर मोठा होऊन मच्छीमार झाला. ओतिलियाच्या मुलीच्या, यादिराच्या, बाप्तिस्म्याला पाण्याच्या कुंडावर मुलीला त्यानं हातावर धरलं, आणि त्या दिवसापासून तो मुलीचा धर्मपिता, ओतिलियाचा कोम्पाद्रे झाला आणि ती त्याची कोमाद्रे. शाळेपासूनचं अरे-तुरे संपलं, अहो-जाहो सुरू झालं. हे नातं सख्ख्या भावंडांपेक्षा जपायचं असतं. चारचौघांत कोम्पाद्रेचा शब्द खोडायचा नाही, आणि त्यानं आणलेला मासा त्याच्या देखत हुंगायचा नाही. हुंगला म्हणजे चोर म्हटल्यासारखंच.

ओतिलिया मात्र नाबोरचाही मासा हुंगायची. गावाला ते खटकायचं. नाबोरला नाही. टोपली खाली ठेवून तो हात मागे बांधून उभा राहायचा आणि म्हणायचा, "हुंगा, कोमाद्रे, हुंगा. मला काय, शाळेपासूनची सवय आहे."

"तुमचे हात नको का हुंगायला?"

"हात चोलेनं सकाळीच हुंगले. कालची दारू निघाली." चोले म्हणजे त्याची बायको. ती पाठीत एक गुद्दा घालायची, आणि टोपली आत जायची.

ओतिलियाचा नवरा यादिरा रांगत असतानाच उत्तरेकडे कामाला गेला आणि तिकडचाच झाला. यादिरा लग्न होऊन तिहुआनाला गेली. मागे राहिला मांडव. शेजारच्या मांडवात सख्खी बहीण कुका, आणि रविवारी कॉफीला येणारे मास्तर, आता निवृत्त झालेले. एवढाच तिचा गोतावळा.

मग एका पावसाळ्यात गावात तापाची साथ आली. घरटी माणसं आडवी झाली आणि बहुतेक उठलीही. ओतिलियाही उठली. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला.

तिला ते कळलं कुकामुळे. चुलीवर कॉफी उकळून आटून भांडं काळं पडलं होतं, मांडवभर धूर झाला होता, आणि ओतिलिया त्याला पाठ करून कांदा चिरत होती. कुका धावत आली.

"अगं बये, मांडव पेटवतेस का? नाकात बोळे घातलेस?"

"डोळा लागला जरा," ओतिलिया म्हणाली. हातात सुरी होती आणि समोर अर्धा चिरलेला कांदा. कुकानं त्यातलं काही पाहिलं नाही.

ते तिचं पहिलं खोटं. त्यानंतर तिनं काय केलं नाही? निलगिरीची पानं उकळून वाफ घेतली. हिरवी मिरची चेचून नाकाशी धरली, तर डोळ्यांतून पाणी आलं आणि वास नाही तो नाहीच. देवळात मेणबत्त्या लावल्या. तेपिकच्या डॉक्टरनं सांगितलं, कुणाचं परत येतं, कुणाचं नाही. वाट बघा. ती वाट बघत राहिली आणि कुणाला बोलली नाही. सांगणार तरी काय? त्या किनाऱ्यावर तिच्या हातचं जेवण दुसऱ्यांसारखंच होतं. नाक गेलं म्हटलं की ती इतरांतली एक.

निभावून नेणं काही दिवस जमलं. माशाचे डोळे, कल्ल्यांचा रंग, बोटानं दाबल्यावर मांस किती झटकन वर येतं, यावरून तिला बरंच कळायचं. ती पूर्वीसारखीच वाकायची, डोळे मिटायची. फक्त आता मिटण्याआधी बघून घ्यायची. मीठ-तिखट चोलेला चाखायला लावायची, "माझं तोंड आलंय" म्हणायची. आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून अधूनमधून एखादी चांगली, ताजी तांबोशी कुत्र्यांपुढे टाकायची. लोक टाळ्या वाजवायचे.

पवित्र आठवडा म्हणजे इथला सुगीचा काळ. पण गुड फ्रायडेला एल तुलारची एकही होडी पाण्यात जात नाही. देव मेला त्या दिवशी समुद्रात जाळं टाकायचं नाही, अशी वाडवडलांपासूनची रीत. आणि नेमक्या त्याच दिवशी, मांस वर्ज्य म्हणून, सगळ्या देशाला मासा खायचा असतो. म्हणून मासळी आधीच धरून बर्फात ठेवायची आणि सगळी भिस्त बर्फावर. त्या वर्षी बर्फाची गाडी वाटेत बंद पडली. आली ती निम्म्यानं वितळून.

त्या शुक्रवारी मांडवात बसायला जागा नव्हती. तेपिकचं लेदेस्मा कुटुंब नेहमीच्या जागी होतं. म्हातारे सेनोबियो आजोबा, त्यांची मुलं, सुना, नातवंडं. आजोबा बायको होती तेव्हापासून दरवर्षी इथेच यायचे. ते काठीनं टेबल ठोकत होते.

"ओतिलिया! सेविचे कुठाय? का मी येऊ माझं नाक घेऊन?"

"तुमचं नाक तपकिरीनं कामातून गेलंय, आजोबा. बसा गप."

तेवढ्यात मागच्या बाजूनं नाबोर आणि चोले आले, हातात दोन बादल्या. गर्दीत ओतिलियाला तेवढाच हातभार म्हणून दोघांनी सुरमई घरीच सोलून, खरवडून आणली होती. डोळे नाहीत, कल्ले नाहीत, दाबून बघायला कातडी नाही. दोन बादल्यांत नुसतं फिकट गुलाबी मांस.

नाबोर खालच्या आवाजात म्हणाला, "कोमाद्रे, ही आज खरवडलेली. ही दुसरी कालची, बर्फ पुरला नाही हिला. सकाळपासून आमची दोघांची नाकं मासळीनं भरलीत, काही कळेनासं झालंय. तुम्ही नीट बघा. जरा जरी शंका आली तरी सांगा, वाळूत पुरतो. हयगय नको."

ओतिलिया वाकली. डोळे मिटले. पहिल्या बादलीतून गारवा आला, दुसरीतून जरा कमी. बाकी काही नाही. भिंतीला नाक लावावं तसं.

फेकून द्या म्हणता आलं असतं. पण बाहेर इतकी माणसं बसलेली, होड्या दुसऱ्या दिवशीपर्यंत पाण्यात जायच्या नाहीत, आणि सकाळीच तिनं दिखाव्यासाठी एक चांगला मासा कुत्र्यांना घातला होता. अर्थात ही सगळी कारणं तिला मागाहून सुचली. त्या क्षणी तिच्या मनात एवढंच आलं की आपण फार वेळ वाकून राहिलोय आणि लोक बघताहेत.

"ताजं आहे," ती म्हणाली.

"दोन्ही?" नाबोरनं विचारलं.

"दोन्ही."

तिनं हुंगल्यावर दुसऱ्या कुणी हुंगायचं नाही असा नियम कुणी केलेला नव्हता, पण कित्येक वर्षं तसंच चाललं होतं. दोन्ही बादल्या एका मोठ्या पातेल्यात रिकाम्या झाल्या. वरून लिंबू, कांदा, कोथिंबीर. आजोबांनी तीन पोळ्या खाल्ल्या आणि चौथी नातीच्या ताटातून उचलली. जाताना ओतिलियाचा गाल थोपटून म्हणाले, "पुढच्या वर्षी लवकर वाढ. माझ्याकडे वेळ थोडा आहे."

शनिवारी तेपिकहून निरोप यायला लागले. लेदेस्मांच्या घरातले सगळे उलट्या-जुलाबांनी आडवे झाले होते. इतर टेबलांवरचेही काही. बाकीचे दोन दिवसांत उठून बसले. सेनोबियो आजोबा दवाखान्यात गेले आणि ईस्टरचा आठवडा संपायच्या आत वारले.

सरकारी माणसं आली आणि किनाऱ्यावरच्या एकूणएक स्वयंपाकघरांना कुलपं लागली. सुगीचा उरलेला काळ रिकाम्या खुर्च्यांवर गेला. ज्यांनी त्या दिवशी कुणालाही काही वाईट वाढलं नव्हतं त्यांचीही चूल विझली. कुकाचा थोरला मुलगा त्याच आठवड्यात पिशवी भरून उत्तरेला निघून गेला.

मच्छीमार सोसायटीच्या छपराखाली सगळं गाव जमलं. मेलेस्यो सोसायटीचा अध्यक्ष. त्यानं नाबोरला उभं केलं.

नाबोरनं जे घडलं ते सरळ सांगितलं. दोन बादल्या होत्या, एक कालची होती, ते त्यानं कोमाद्रेला सांगितलं होतं, तिनं दोन्ही हुंगल्या आणि ताजं म्हणाली.

सगळ्यांच्या माना ओतिलियाकडे वळल्या. मेलेस्यो म्हणाला, "ओतिलिया, हे कसं शक्य आहे? तुला कळलं नाही असं होईल का?"

तिला सगळ्यांचे चेहरे दिसत होते. त्यांत प्रश्न नव्हताच. उत्तर त्यांना माहीत होतं, फक्त तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"माझ्यासमोर एकच बादली आली," ती म्हणाली.

चोले ताडकन उठली. नाबोरनं तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. तो ओतिलियाकडे बघत होता, पण रागानं नाही. खोल पाण्यात जाळं अडकलं की कशात अडकलं असेल याचा अंदाज घेत तो होडीतून खाली बघायचा, तसं.

"कोमाद्रे म्हणतात तसं असेल," तो म्हणाला. "माझीच काही चूक झाली असेल."

कोमाद्रेला चारचौघांत खोटं पाडायचं नाही. त्यानं ते पाडलं नाही.

सोसायटीनं त्याचं नाव काढून टाकलं. त्याची मासळी कुणी घ्यायची नाही असं ठरलं, आणि ते ठरवायची गरजही नव्हती. होडी किनाऱ्यावर उलटी पडून राहिली. बायका ओतिलियाला भेटायला यायच्या, तिचा हात हातात घ्यायच्या. "मेल्यानं तुझ्या नावाला बट्टा लावला," म्हणायच्या. "आणि म्हणे कोम्पाद्रे!" शिव्या खाल्ल्या असत्या तर तिला सोसल्या असत्या. ही समजूत सोसेना. ती मान खाली घालायची, आणि त्या म्हणायच्या, बिचारीला बोलवतसुद्धा नाही.

एके दिवशी सकाळी मास्तर आले. मांडवात खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या होत्या. ओतिलियानं एक सुलटी करून दिली आणि आतल्या खोलीतल्या शेगडीवरून कॉफी आणली, वरून दूध ओतलं. मास्तरांनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला. मग तिच्याकडे बघितलं. कपात दुधाच्या गुठळ्या तरंगत होत्या.

"ओतिलिया," ते हळूच म्हणाले, "हे दूध हुंग बरं."

तिनं भांडं उचललं नाही.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

"पावसाळ्यापासून."

"आणि बादल्या?"

"दोन्ही आल्या होत्या, मास्तर. त्यानं सांगितलं होतं मला. पुरतो म्हणाला होता." आणि मग ती इतकी रडली की कुका पलीकडून डोकावून गेली.

मास्तरांनी उपदेश केला नाही. लाडक्या विद्यार्थ्यांना ते तो कधीच करत नसत. "रविवारी सोसायटीची बैठक आहे," एवढंच म्हणाले. "मी येतो तुझ्याबरोबर."

रविवारी ओतिलिया देवळात जायचे कपडे घालून गेली. उभी राहिली आणि सगळं बोलली. ताप, कॉफी, कुत्र्यांना टाकलेले चांगले मासे, दोन बादल्या. "मला वास येत नाही. नाबोर खरं बोलला होता. खोटं मी बोलले."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "किती केलं तरी कोम्पाद्रेच तो."

लोकांनी माना डोलावल्या. मेलेस्योचा आवाज मऊ झाला. "ओतिलिया, तुझं मन मोठं आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण माणूस गेलाय. असं पदर घालून झाकता येत नाही."

"मी झाकत नाहीये. मला खरंच येत नाही वास."

"बरं, बघू." एकजण उठून गेला आणि दोन मासे फडक्यांत गुंडाळून घेऊन आला. एक ताजा, एक चार दिवस उन्हात पडलेला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी शालींची टोकं नाकाला लावली. दोन्ही गाठोडी ओतिलियाच्या नाकाशी धरली गेली. कुठलं कुठलं ते तिला कळेना, आणि बायकांच्या शालींवरून ओळखायचं नाही एवढं तिनं ठरवलंच होतं.

"नाही कळत," ती म्हणाली.

सगळे हसले. "न कळायचं सोंग तर माझ्या सासूलाही येतं," एक बाई म्हणाली. "भांडी घासायची वेळ झाली की तिला काही ऐकू येत नाही."

मास्तर उठले. त्यांनी दुधाची गोष्ट सांगितली. लोकांनी ती आदरानं ऐकून घेतली, कारण बहुतेकांना त्यांनीच लिहायला-वाचायला शिकवलं होतं. मग मेलेस्यो म्हणाला, "मास्तर, नासलेलं दूध तुमच्यापुढे ठेवून तिनं तुम्हालाही पटवलं. शाळेतही ती तुमच्यापेक्षा हुशार होती, असं तुम्हीच सांगायचात."

पुन्हा हशा झाला. वास येतो हे दाखवता येतं. येत नाही हे कसं दाखवणार?

बाहेर आल्यावर कुकानं तिला दंडाला धरून बाजूला ओढलं. "आता पुरे. पोरगं गेलं माझं, तेवढं बस झालं. तुझ्या नाकावर हा किनारा उभा आहे. नाक गेलं नाक गेलं म्हणत फिरलीस ना, तर उद्या कुलपं निघाली तरी इथे काळं कुत्रं फिरकणार नाही. नाबोरचं व्हायचं ते झालंय."

"तुला तरी पटलं का, कुका?"

कुकानं तिचा दंड सोडला आणि आपल्या मांडवाकडे चालू लागली. धूर झाला त्या दिवशी धावत आलेली तीच होती.

ओतिलिया तशीच नाबोरच्या घरी गेली. दारात एक टेम्पो उभा होता. कुलियाकानच्या बाजूला टोमॅटोच्या शेतांवर जोडप्यांना काम मिळतं, राहायला खोलीही देतात. नाबोर गादीला दोरी बांधत होता. चोले दारात आडवी उभी राहिली.

"ऐकलं आम्ही. सांगितलंत म्हणे आज."

"सांगितलं, चोले. कुणी विश्वास ठेवला नाही."

"त्या दिवशी ठेवला असता," चोले म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही जे काही बोलला असतात त्यावर ठेवला असता. तेव्हा का नाही बोललात?"

ओतिलियानं वाटेत माफीची वाक्यं पाठ केली होती, ती तिथे काही कामाची नव्हती. चोले आत गेली आणि आतून भांड्यांचा आवाज यायला लागला.

नाबोरनं दोरीला गाठ मारली, ओढून बघितली. मग तो जवळ आला. बऱ्याच वर्षांनी त्यानं तिला नावानं हाक मारली.

"ओतिलिया, मास्तरांचा मासा तेव्हा मीच खाल्ला होता. तू हात हुंगलेस ते बरोबर होतं."

"माहीत आहे मला."

"हो. पण या वेळी चोर मी नव्हतो." तो टेम्पोत चढला. "होडी विकायची नाही म्हणावं कुणाला. कुजू दे तिथेच."

चोले बाहेर आली, ओतिलियाच्या बाजूनं निघून पुढे बसली. ती परत एकदाही वळली नाही. टेम्पो हमरस्त्याला लागेपर्यंत ओतिलिया त्या उघड्या दारात उभी होती. मग तिनं दार ओढून घेतलं, कडी घातली, कारण ते उघडं बरं दिसत नव्हतं.

पावसाळा संपल्यावर कुलपं निघाली. ओतिलियानं आपला मांडव तेपिकच्या एका जोडप्याला चालवायला दिला आणि पुन्हा चुलीपाशी गेली नाही. गावानं त्याचाही आपल्यापरीनं अर्थ लावला. कोम्पाद्रेनं दगा दिला, मन उडालं तिचं. रविवारी मांडवांतल्या बायका मासा घेऊन तिला शोधत यायच्या. "जरा बघ गं, ओतिलिया." ती म्हणायची, मला वास येत नाही. त्या हसायच्या आणि ताट आणखी जवळ धरायच्या. शेवटी ती कुठल्याही माशाला एकच सांगायला लागली, फेकून दे. त्या फेकून द्यायच्या, आणि गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायच्या की आमच्या ओतिलियाला हाही चालला नाही. वर्षभरानं मात्र त्यांना ते परवडेना. म्हातारपणी फार कडक झाली, असं म्हणत त्यांनी येणं सोडलं.

नाबोरची काही खबर नाही. मास्तरांनी एकदा कुलियाकानकडच्या शेतांवर निरोप धाडून बघितला, तर तिथून ते दोघं आणखी आत कुठेतरी गेल्याचं कळलं. त्याची होडी अजून किनाऱ्यावर उलटी पडलेली आहे. तिच्या सावलीत कोंबड्या बसतात.

लेदेस्मांची माणसं पुन्हा आली नाहीत.

ओतिलिया आता हमरस्त्यावरच्या बसथांब्यापाशी शहाळी विकते. कोयत्याच्या एका घावात टोक उडवते, आत नळी खोचते आणि पुढे करते. दुपारची तेपिकची बस गेली की उरलेली शहाळी पोत्यात भरून ती घरी जाते.